एक ‘लाइक’, एक बंद फोन: पोलीस तुमच्या मोबाइलपर्यंत कधी आणि कसे पोहोचू शकतात?

विरारहून डहाणूकडे जाणारी लोकल वैतरणा, सफाळे, केळवे रोड करत पालघरला पोहोचते. याच रेल्वेमार्गावरच्या दोन गावांत, दहा वर्षांच्या अंतराने दोन घटना घडल्या. दोन्हींची देशभर चर्चा झाली.

पहिली घटना नोव्हेंबर २०१२ची. पालघरमध्ये फेसबुकवर एक पोस्ट लिहिणाऱ्या आणि ती ‘लाइक’ करणाऱ्या अशा दोन तरुणींना पोलिसांनी अटक केली.

दुसरी ऑक्टोबर २०२२ची. वसईतल्या एका वडिलांनी माणिकपूर पोलीस ठाण्यात मुलगी बेपत्ता असल्याची तक्रार दिली. तिचा फोन बंद होता. पण बँकेचे व्यवहार आणि मोबाइलच्या नोंदी यांचा माग काढत तपास दिल्लीपर्यंत पोहोचला आणि खुनाचा गुन्हा उघड झाला.

पहिल्या घटनेत पोलिसांचा हात जिथे जायला नको होता तिथे गेला. दुसऱ्या घटनेत तो पोहोचला नसता, तर एक खून कदाचित कधीच समोर आला नसता. म्हणूनच पोलिसांना आपला फोन पाहता यावा की नाही, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. कोणत्या कारणासाठी, कोणाच्या परवानगीने आणि कोणत्या पद्धतीने, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

हीच प्रक्रिया काय आहे, ते समजून घेऊया.

पालघरमध्ये नेमकं काय झालं होतं?

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्कार होते आणि मुंबई व आसपासचा परिसर बंद होता. या बंदबद्दल प्रश्न विचारणारी पोस्ट पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली.

त्यानंतर जमाव जमला. पोस्ट लिहिणाऱ्या तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची तोडफोड झाली. पोलिसांनी दोघींवर भारतीय दंड संहितेसोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘कलम ६६अ’खाली गुन्हा दाखल करून त्यांना अटक केली. न्यायालयाने प्रत्येकी १५ हजार रुपयांच्या जामिनावर त्यांची सुटका केली.

पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. स्वतंत्र पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. अटकेवर देशभरातून टीका झाल्यावर राज्य सरकारने चौकशी केली. ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे पोलीस निरीक्षक निलंबित झाले. पुढे दोघींवरचं प्रकरण बंद झालं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. या अटकेनंतर श्रेया सिंघल यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. कलम ६६अ नुसार ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा ‘त्रासदायक’ मजकूर पाठवणं हा गुन्हा होता आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. आक्षेपार्ह म्हणजे काय, हे मात्र कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते ठरवायचं कोणी? व्यवहारात ते पोलीस ठाण्यात बसलेला अधिकारी किंवा बाहेर जमलेली गर्दी ठरवत होती.

२४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने हे कलम पूर्णपणे रद्द केलं. एखाद्या मताची चर्चा करणं, अगदी त्याचा जोरदार पुरस्कार करणं आणि लोकांना हिंसेसाठी चिथावणं, यात फरक आहे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. चिथावणीच्या पातळीवर गेल्याशिवाय शब्दांवर बंदी घालता येत नाही.

तरीही अनेक राज्यांत हे रद्द झालेलं कलम लावणं सुरूच राहिलं. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला की, कलम ६६अ खाली कोणावरही खटला चालवू नये. आज कोणत्याही एफआयआरमध्ये हे कलम दिसलं, तर ते बेकायदेशीर आहे.

मग आता काहीही लिहिता येतं का?

नाही. धर्म, जात, भाषा यांच्या आधारे तेढ पसरवणं, अफवा पसरवणं, बदनामी, पाठलाग, धमकी, एखाद्याचे खासगी फोटो पसरवणं हे आजही गुन्हे आहेत. भारतीय न्याय संहितेत तेढ पसरवण्यासाठी कलम १९६ आणि अफवांसाठी कलम ३५३ आहे.

अफवेची किंमत पालघर जिल्ह्याने पाहिली आहे. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरल्या होत्या. १६ एप्रिलच्या रात्री गडचिंचले गावात जमावाने दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक अशा तिघांना मारून टाकलं. ‘आपण फक्त फॉरवर्ड केलं’ ही सबब अशा वेळी फार तोकडी पडते.

सोसायटीच्या किंवा लोकलच्या ग्रुपवर दुसऱ्याने काही टाकलं, तर ॲडमिनचं काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये यावर निकाल दिला. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला आरोपी करता येणार नाही. त्या सदस्यासोबत ॲडमिनचा समान उद्देश किंवा पूर्वनियोजित कट होता, हे दाखवावं लागेल.

अटकेबाबतही मर्यादा आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सांगितलं. अटकेची गरज नसेल तिथे पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे बीएनएसएसच्या, कलम ३५ मध्ये आहे. सोशल मीडियावरच्या पोस्टशी संबंधित बहुतेक गुन्हे याच गटात येतात.

वसईच्या प्रकरणात डिजिटल नोंदी का महत्त्वाच्या ठरल्या?

वसईची ही तरुणी जोडीदारासोबत दिल्लीला राहायला गेली होती. बरेच दिवस फोन लागत नाही, हे तिच्या मित्राने घरच्यांना कळवलं. त्यानंतर वडिलांनी तक्रार दिली. ती २२ मे २०२२ रोजी भांडून घर सोडून गेली, असं जोडीदाराने सांगितल्याची माहिती पोलिसांनी दिली होती.

पोलिसांच्या म्हणण्यानुसार, त्यानंतरही तिच्या खात्यातून जोडीदाराच्या खात्यात ५४ हजार रुपये वळते झाले होते. त्या वेळी फोनचं ठिकाण दिल्लीच्या मेहरौली भागात होतं. म्हणजे सांगितलेली हकीकत आणि फोनची हकीकत जुळत नव्हती. प्रकरण दिल्ली पोलिसांकडे गेलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आरोपीला अटक झाली. मे २०२३ मध्ये साकेत न्यायालयाने खून आणि पुरावा नष्ट करणं हे आरोप निश्चित केले. आरोप निश्चित होणं म्हणजे दोषी ठरणं नव्हे. ते खटल्यानंतरच ठरतं.

इथे तपासाची सुरुवात कशाने झाली, ते महत्त्वाचं आहे. एक विशिष्ट तक्रार होती, एक विशिष्ट व्यक्ती बेपत्ता होती आणि त्या व्यक्तीशी संबंधित नोंदी मागवल्या गेल्या. आधी तक्रार, मग नोंदी, हा क्रम तपासाचा असतो. आधी सगळ्यांच्या नोंदी चाळायच्या आणि मग गुन्हा सापडतो का पाहायचं, याला तपास नाही तर पाळत म्हणतात.

पोलिसांना माहिती मिळते कुठून?

सर्वसाधारणपणे तीन ठिकाणांहून.

पहिलं ठिकाण मोबाइल कंपनी. कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला आणि तेव्हा फोन कोणत्या टॉवरच्या हद्दीत होता, याच्या नोंदीला सीडीआर म्हणतात. त्यात बोलणं नसतं, फक्त तपशील असतो. या नोंदी कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात.

दुसरं ठिकाण ॲप किंवा वेबसाइट चालवणारी कंपनी. खातं कोणत्या नंबरवरून उघडलं, कधी लॉगिन झालं, अशी माहिती त्यांच्याकडे असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजचा मजकूर मात्र पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो, कारण वाटेत तो कुलूपबंद असतो. म्हणूनच बातम्यांमध्ये येणारे ‘व्हॉट्सअ‍ॅप चॅट’ बहुतेक वेळा कोणाच्या तरी फोनमधून किंवा बॅकअपमधून मिळालेले असतात.

तिसरं ठिकाण म्हणजे तुमचा फोन.

जुन्या नोंदी किंवा उपकरण मागवण्यासाठी बीएनएसएसच्या कलम ९४ खाली लेखी आदेश काढता येतो. चालू संभाषण चोरून ऐकायचं किंवा वाचायचं असेल, तर अट अधिक कडक आहे. त्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांचा लेखी आदेश लागतो. तातडीच्या प्रसंगी काही अपवाद आहेत, पण त्यांनाही नंतर मंजुरी घ्यावी लागते. ठाण्यातल्या अधिकाऱ्याने स्वतःच्या मनाने फोन टॅप करणं हे कायद्यात बसत नाही.

ही अट कागदावरच राहत नाही, याचं उदाहरण मुंबईतलंच आहे. एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये रद्द केले. सार्वजनिक सुरक्षिततेला धोका किंवा आणीबाणीची परिस्थिती दाखवलेली नसताना ते काढले होते, असं न्यायालयाला आढळलं. टॅप केलेलं संभाषण नष्ट करण्याचा आदेशही दिला गेला. गुन्हा लाचलुचपतीचा होता आणि आरोप गंभीर होता, तरीही.

नियम पाळले नाहीत तर काय होतं? २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांचे सीडीआर बेकायदा मिळवून विकणारी टोळी पकडली. त्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली. एखादी व्यक्ती रोज कुठे जाते, कोणाशी बोलते, ही माहिती पैसे मोजणाऱ्या कोणालाही मिळत होती. पतीपासून लपून राहणाऱ्या महिलेसाठी याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको.

पोलिसांनी फोन मागितला तर द्यावाच लागतो का?

रस्त्यात अडवून ‘चॅट दाखव’ म्हणणं आणि गुन्ह्याच्या तपासात फोन जप्त करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गुन्हा दाखल असेल आणि फोनचा त्याच्याशी संबंध असेल, तर पोलीस तो जप्त करू शकतात. पण त्याचा पंचनामा व्हायला हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या बीएनएसएसच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक आहे आणि ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. पंचनाम्यात फोनचा मेक, आयएमईआय क्रमांक आणि सिमचा तपशील आहे का, हे सही करण्यापूर्वी पाहावं. त्याची प्रत मागावी.

पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. पासवर्ड सांगणं ही साक्ष आहे की किल्ली देण्यासारखी साधी कृती, यावर वाद आहे. अशा वेळी वकिलाशी बोलण्याचा हक्क वापरणं हा सुरक्षित मार्ग आहे. तपासाला हात लावू नये: जप्तीच्या भीतीने चॅट डिलीट करणं हा पुरावा नष्ट करण्याचा वेगळा गुन्हा ठरू शकतो.

या सगळ्याच्या मुळाशी २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहे. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल, तर त्यासाठी कायदा हवा, उद्देश वैध हवा आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. पण सरकार स्वतःच्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकतं. त्यामुळे पोलिसांसमोर नागरिकाचा खरा आधार आजही संविधान आणि फौजदारी प्रक्रिया हाच आहे.

स्क्रीनशॉट कोर्टात चालतो का?

नुसता स्क्रीनशॉट पुरेसा नाही. याचं उत्तर जालन्याच्या एका निवडणुकीतून मिळालं.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून शिवसेनेचे अर्जुन खोतकर यांनी काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. खोतकरांचा उमेदवारी अर्ज मुदत संपल्यावर घेतला गेला, असा आरोप झाला. पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण पुढे आलं. पण त्याच्या सीडीसोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र नव्हतं. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नव्हतं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी नियम पक्का केला. मूळ उपकरण न्यायालयात हजर केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. कॉपी, प्रिंट किंवा सीडी दिली, तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. समोरचा ते देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून मागवता येतं.

आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ लिहावी लागते. मुद्देमालाच्या पाकिटावर लाखेचं सील असतं, तसं हे डिजिटल सील. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं, तरी हा आकडा बदलतो आणि छेडछाड उघडी पडते.

हा नियम कोरडा वाटतो, पण तो दोन्ही बाजूंचं रक्षण करतो. खोटं चॅट दोन मिनिटांत बनवता येतं. प्रमाणपत्राची अट नसती, तर कोणीही कोणालाही अडकवू शकलं असतं.

चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुरावा ठरतं का?

भारतात न्यायालयं सहसा ‘पुरावा कसा मिळाला’ यापेक्षा ‘तो प्रकरणाशी संबंधित आणि खरा आहे का’ हे पाहतात. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र सरकार या १९७२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फोनवरचं रेकॉर्डिंग ग्राह्य धरलं होतं. १४ जुलै २०२५ रोजी त्याच न्यायालयाने वैवाहिक वादात जोडीदाराचं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषणही पुरावा म्हणून चालू शकतं, असं म्हटलं.

पण न्यायालयात देणं वेगळं आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवणं वेगळं. पुरावा म्हणून चालणारी क्लिप जगभर पसरवली, तर पसरवणाऱ्यावरच गुन्हा होऊ शकतो.

पुरावा टीव्हीवर कसा येतो?

वसईच्या प्रकरणात तपासाचे तपशील दिवसरात्र टीव्हीवर आणि रील्सवर फिरत होते. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वृत्तवाहिन्यांना या प्रकरणातल्या दोषारोपपत्राचा मजकूर दाखवण्यास मनाई केली. आरोपीला निष्पक्ष खटला मिळायला हवा. ज्या तरुणीचा जीव गेला, तिचं खासगी आयुष्य आणि तिच्या घरच्यांचं दुःख हा करमणुकीचा माल नाही.

दोषारोपपत्र न्यायाधीशासाठी असतं. त्यातले फोटो आणि चॅट शेअर करणारा प्रत्येक जण या नुकसानीत थोडी भर घालतो. शिवाय असा प्रचार बचाव पक्षाला आयता मुद्दा देतो: साक्षीदारांनी जे टीव्हीवर पाहिलं, तेच सांगितलं.

तुमच्यासोबत गुन्हा घडला तर काय कराल?

• पैसे गेले असतील, तर ताबडतोब १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

• मूळ मेसेज डिलीट करू नका आणि शक्यतो फोन बदलू नका. स्क्रीनशॉटसोबत प्रोफाइलची लिंक, तारीख, वेळ आणि नंबर लिहून ठेवा. चॅट एक्स्पोर्ट करा. समोरच्याला ब्लॉक करण्याआधी हे करा.

• खासगी फोटो पसरवले असतील, तर ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडेही लगेच तक्रार करा. २०२१ च्या नियमांनी असा मजकूर २४ तासांत काढण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं.

• हद्दीच्या वादात अडकू नका. वसई-विरार ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात आहे, तर पालघर, डहाणू, जव्हारकडचा भाग पालघर पोलीस अधीक्षकांकडे. पण दखलपात्र गुन्ह्याची नोंद कोणत्याही ठाण्यात करता येते. बीएनएसएसच्या कलम १७३ ने हे स्पष्ट केलं आहे. ऑनलाइन तक्रार दिली, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

• पोलिसांनी बोलावलं, तर लेखी नोटीस मागा. त्यात गुन्हा क्रमांक आणि कलमं असतात. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी असल्याशिवाय, अटक करता येत नाही.

एवढी कागदपत्रं कशासाठी?

पंचनामा, नोटीस, प्रमाणपत्र, गृह सचिवांचा आदेश. तपास लांबवणाऱ्या या गोष्टी नकोशा वाटू शकतात, विशेषतः आपणच पीडित असू तेव्हा. पण ज्या प्रकरणात प्रक्रिया पाळली जाते, त्यातला पुरावा उलटतपासणीत टिकतो. ज्यात ती डावलली जाते, तिथे खरा गुन्हेगारही सुटू शकतो आणि निरपराध माणूसही अडकू शकतो.

पोलीस ठाण्याबाहेर किती मोठी गर्दी जमली आहे, यावर कोणाचा फोन उघडायचा हे ठरू नये. ते कायद्याने ठरावं आणि त्याची कागदावर नोंद राहावी. उद्या तो फोन आपलाही असू शकतो.